क्षयाच्या गोळ्या, यकृत आणि ताट

क्षयरोगाचे उपचार सुरू झाले की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच घरात एक वाक्य ऐकू येतं: गोळ्या गरम पडतात. तोंडाची चव गेलेली असते, सकाळी मळमळतं, लघवी केशरी होते, अंगाची आग होते. मग उष्णता कमी करायची म्हणून अंडी बंद होतात, शेंगदाणे बंद होतात, डाळ जड म्हणून पातळ वरणावर येते आणि तेल-तुपाला हात लावू दिला जात नाही. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने भर पडत असते. कुणी लिव्हरच्या टॉनिकची बाटली आणतं, कुणी गुळवेलीचा काढा सुरू करतं, कुणी हळदीच्या कॅप्सूल पाठवतं, भेटायला येणारा प्रोटीन पावडरचा डबा घेऊन येतो. या सगळ्यामागे माया असते, काळजी असते आणि यकृताला इजा होईल ही खरी भीती असते. तरीही माझं म्हणणं असं आहे की या घरांमध्ये हिशोब उलटा होतो. जे ताटातून काढलं जातं त्याचीच यकृताला गरज असते, आणि जे बाटलीतून वाढवलं जातं त्यातल्या बहुतेक गोष्टींचा उपयोग सिद्ध झालेला नसतो. त्यातल्या काहींनी तर यकृताला इजा केल्याची नोंद आहे.

भीती खरी आहे, हे आधी मान्य करायला हवं. नेहमीच्या क्षयावर सहा महिने उपचार चालतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं असतात आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. या चारांपैकी पहिली तिन्ही यकृताला इजा करू शकतात. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांमध्ये अशा इजेचं प्रमाण २ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. व्याख्या कोणती आणि रुग्ण कोणते यावर ते अवलंबून असतं. औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १२८८ भारतीय रुग्णांची माहिती देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात जवळपास ४६ टक्के रुग्णांच्या इजेला क्षयाची औषधं कारणीभूत होती. त्याच यादीत आयुर्वेदिक, वनौषधी आणि इतर पर्यायी औषधांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. क्षयाच्या गोळ्यांना घाबरून माणूस ज्या काढ्याकडे वळतो, तोही त्याच यादीत असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

इजा कशी होते हे थोडं तपशिलात पाहायला हवं, कारण आहाराचा मुद्दा तिथेच सुरू होतो. आयसोनियाझिड यकृतात पोहोचलं की एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं. हे काम काहींच्या शरीरात भरभर होतं, काहींच्या शरीरात सावकाश. ते जन्मतः ठरलेलं असतं आणि सावकाश गटातल्या माणसांची संख्या भारतात मोठी आहे. या प्रक्रियेत हायड्राझिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. रिफॅम्पिसिन यकृतातल्या अनेक एन्झाइमांची गती वाढवत असल्यामुळे ती तयार होण्याला आणखी जोर येतो, आणि दारूमुळे ज्या एन्झाइमचं प्रमाण वाढतं तेही याच कामात हातभार लावतं. घातक द्रव्यं निकामी करण्यासाठी यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचं स्वतःचं द्रव्य असतं. ते तीन अमिनो आम्लांपासून बनतं आणि अमिनो आम्लं येतात प्रथिनांमधून. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या, वजन गमावलेल्या माणसाच्या यकृतात हा साठा मुळातच तोकडा असतो. क्षयाचा रुग्ण बहुधा असाच असतो. रोगाने त्याची भूक मारलेली असते, तापाने स्नायू झिजलेले असतात, आणि त्याच अवस्थेत त्याच्या यकृतावर तीन जड औषधं एकदम येऊन पडतात.

दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये अशी इजा कुणाला जास्त होते याची पाहणी केली. वाढलेलं वय, दारूचं मोठं प्रमाण, रोगाचा मोठा फैलाव यांच्या जोडीला एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: रक्तातलं अल्ब्युमिन कमी असणं. त्याच संस्थेने २०१० मध्ये आणखी महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळ्यांमुळे यकृताला इजा होऊन ती बरी झाल्यावर औषधं पुन्हा सुरू कशी करावीत, याची तीन पद्धतींनी १७५ रुग्णांवर तुलना केली गेली. इजा पुन्हा झाली ती १९ जणांना, म्हणजे साधारण ११ टक्के रुग्णांना, आणि तिन्ही पद्धतींमध्ये लक्षणीय फरक नव्हता. पुन्हा इजा कुणाला होणार याचा अंदाज देणारी एकच गोष्ट उपचारांआधीच्या तपासण्यांमध्ये सापडली आणि तीही अल्ब्युमिनचीच पातळी होती. अल्ब्युमिन हे यकृताने बनवलेलं प्रथिन आहे. औषध कोणत्या क्रमाने दिलं यापेक्षा ते स्वीकारणारं शरीर कोणत्या अवस्थेत होतं याला वजन आलं, असा मी या निष्कर्षाचा अर्थ लावतो.

इथे एक रास्त शंका उभी राहते. अल्ब्युमिन केवळ उपाशीपणाने कमी होत नाही. शरीरात मोठा दाह असला तरी ते घसरतं. म्हणजे कमी अल्ब्युमिन हे कुपोषणाचं चिन्ह असेल किंवा रोग बळावल्याचं. दोन्ही बऱ्याचदा बरोबरच असतात आणि अशा पाहण्यांमधून त्यांना वेगळं काढता येत नाही. पोटभर आणि प्रथिनयुक्त जेवण दिल्याने क्षयाच्या गोळ्यांची यकृतावरची इजा अमुक टक्क्यांनी टळते, असं सांगणारा थेट प्रयोग माझ्या युक्तिवादाच्या हाताशी नाही, आणि असल्याचा आव आणणं चुकीचं ठरेल. पण निर्णय घेताना प्रश्न असा असतो की दोन पर्यायांपैकी पुरावा कुणाच्या बाजूने जास्त आहे आणि धोका कुणात कमी आहे. अन्नाच्या बाजूने एक फार मोठा पुरावा गेल्या काही वर्षांत जमा झाला आहे. तो यकृतापुरता नाही, आख्ख्या जिवाचा आहे.

हा पुरावा देणारा, झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेला प्रयोग ‘राशन्स’ या नावाने ओळखला जातो. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी त्याचं नेतृत्व केलं आणि त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकांत आले. फुप्फुसाच्या क्षयाच्या २८०० रुग्णांना दर महिन्याला दहा किलोंचा शिधा दिला गेला. त्यात तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल होतं, म्हणजे दिवसाला साधारण १२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं. जोडीला दैनंदिन गरजेइतकी जीवनसत्त्वं आणि खनिजं देणारी एक साधी गोळी होती. सुरुवातीला या रुग्णांपैकी दर पाचातले चार कुपोषित होते आणि जवळपास निम्मे तीव्र कुपोषित. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. रुग्णांच्या घरच्या माणसांनाही काही कुटुंबांत शिधा दिला गेला, आणि तिथे इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. हे पहिले दोन महिने म्हणजे यकृताला इजा होण्याचाही मुख्य काळ. ज्या आठवड्यांत आपण रुग्णाच्या ताटातून अंडं आणि शेंगदाणे काढून घेतो, त्याच आठवड्यांत वाढलेलं किलो-दोन किलो वजन त्याचा जीव वाचण्याशी जोडलेलं आहे.

क्षयाच्या इतिहासात अन्नाला एके काळी असंच मध्यवर्ती स्थान होतं. औषधं नव्हती तेव्हा पाचगणीतलं डॉ. बिलिमोरियांचं आरोग्यधाम किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीतलं आरोग्यधाम मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी यांच्यावर चालत असे. मग १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि १९५९ मध्ये मद्रासच्या क्षय केंद्राने जगभर गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आरोग्यधामात उत्तम आहार घेणारे रुग्ण आणि घरी तुटपुंज्या जेवणावर राहून तीच औषधं घेणारे रुग्ण, दोघेही जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले. हा अभ्यास गरिबांच्या बाजूचा होता. त्यामुळे लाखो लोकांना घरी राहून उपचार घेता आले, आणि त्याबद्दल आपण मद्रासच्या त्या डॉक्टरांचे ऋणीच आहोत. पण त्यातून पुढे एक निष्कर्ष ओढला गेला, की औषध असेल तर अन्नाचं फारसं महत्त्व नाही. आजही माझ्या म्हणण्यावर घेतला जाणारा सर्वांत बळकट आक्षेप हाच आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. मद्रासमध्ये थुंकीतले जंतू गेले की नाही हे मोजलं गेलं होतं. जंतू मारण्याचं काम औषध करतं, आणि ते अर्धपोटी माणसातही करतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. वजन मात्र आरोग्यधामातल्या रुग्णांचं जास्त वाढलं होतं. शिवाय तिथे दिलेली औषधं होती आयसोनियाझिड आणि ‘पास’ हे त्या काळचं दुसरं औषध. रिफॅम्पिसिन त्या वेळी जन्मालाच आलं नव्हतं आणि पायराझिनामाइड त्या उपचारात नव्हतं. आजच्या तिहेरी भाराखाली यकृताचं काय होईल हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारला नाही, कारण त्या काळी तो विचारताच येत नव्हता. जंतू जाणं आणि माणूस धडधाकट राहून सहा महिने पार पाडणं या दोन गोष्टी आहेत, आणि यकृताचा संबंध दुसरीशी आहे.

मग खायचं काय? पंचेचाळीस किलो वजनाच्या रुग्णाचं उदाहरण घेऊ. आजारात दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं धरली, तर त्याला दिवसाला साधारण ५६ ते ६८ ग्रॅम लागतील. हा आकडा ऐकला की लोकांना डबाबंद पावडर आठवते. प्रत्यक्षात ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून वीस-एक ग्रॅम मिळतात, दोन वाट्या घट्ट वरणाला लागणाऱ्या साठ ग्रॅम डाळीतून तेरा, दोन अंड्यांतून बारा, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि पेलाभर दुधातून सहा-सात. बेरीज साठाच्या आसपास जाते आणि यातली एकही गोष्ट सोलापूर, नांदेड किंवा नंदुरबारच्या बाजारात अनोळखी नाही. अंडी न खाणाऱ्या घरात सोयाबीन, मोड आलेली मटकी, हरभरे आणि ताक-दही यांनी भागतं. तेलही हवं, कारण वजन वाढवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. भूक नसताना एकदम ताटभर जेवण जात नाही, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं आणि झोपण्याआधी काहीतरी, मग ते दूध-भाकरी असो की लाडू. रात्रभर पोट रिकामं राहिलं की अशक्त शरीर ऊर्जेसाठी स्वतःचेच स्नायू वापरू लागतं. जो रुग्ण अगदीच खंगलेला आहे, उठून बसतानाही ज्याला धाप लागते, त्याला मात्र घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये. दीर्घ उपासमारीनंतर अचानक मिळालेल्या अन्नाने रक्तातले क्षार बिघडतात, म्हणून अशा रुग्णाला रुग्णालयात दाखल करून जपून वाढवावं लागतं.

गरम-थंडाच्या समजुतीला हसण्याचं कारण नाही. मळमळ, जळजळ, केशरी लघवी हे रुग्णाचे अनुभव खरे असतात. चुकतो तो त्यांचा अर्थ. जळजळ अंड्याने झालेली नसते, ती रिकाम्या पोटी गिळलेल्या गोळ्यांनी झालेली असते. गोळ्या रिकाम्या पोटी चांगल्या शोषल्या जातात हे खरं, पण उलटी होऊन सगळंच बाहेर पडणार असेल तर डॉक्टरांना विचारून थोड्या खाण्यासोबत घ्याव्यात. कावीळ झालीच तर काय, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे कावीळ म्हणजे उकडलेलं, बिनतेलाचं, पिवळं काही नाही आणि दिवसभर उसाचा रस. दुखणाऱ्या यकृताला विश्रांती द्यायची ही त्यामागची कल्पना. पण यकृतविकारांच्या आजच्या आहारशास्त्रात प्रथिनं तोडण्याला जागा नाही. उलट बरं होऊ पाहणाऱ्या यकृताला नव्या पेशी बांधण्यासाठी तीच लागतात, आणि मळमळ होत नसेल तर तेल-तूपही बंद करायची गरज नसते. नुसत्या उसाच्या रसावर काढलेले पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवसांची उपासमार. ताटातून काही काढायचंच असेल तर बुरशीचे शेंगदाणे आणि बुरशीचा मका काढावा. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. ती बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनमुळे आली होती आणि ते विष थेट यकृतावर जातं. काळवंडलेले, सुरकुतलेले, खवट दाणे स्वस्त मिळतात म्हणून रुग्णासाठी आणू नयेत. कोकण-गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना: आयसोनियाझिड चालू असताना बर्फावर नीट न ठेवलेला कुपा किंवा बांगडा खाल्ल्यास चेहरा लाल होणं, धडधडणं, डोकं ठणकणं असा त्रास होऊ शकतो, कारण अशा माशात साठणारं हिस्टामिन पचवणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवतं. ताज्या माशाला हरकत नाही. हा यकृताचा विकार नाही, पण तसा समजून लोक गोळ्या सोडून देतात.

आता बाटल्यांकडे येऊ. यकृतरक्षक म्हणून सर्वाधिक अभ्यास झालेलं द्रव्य म्हणजे सिलिमारिन. क्षयाच्या गोळ्यांसोबत ते दिल्यावर थायलंडमधल्या एका छोट्या चाचणीत फायदा दिसला. चीनमधल्या पाचशेहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत मात्र इजा टळली नाही. एन-अॅसिटिलसिस्टीन हे द्रव्य शरीराला ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवतं. इराणमध्ये साठ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत ते चांगलं ठरलं. पुढे दक्षिण आफ्रिकेत इजा झालेल्या रुग्णांना ते शिरेतून दिलं, तेव्हा यकृत लवकर सावरलं नाही, पण रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. म्हणजे इथे विचाराला जागा आहे आणि डॉक्टरांनी एखाद्या रुग्णासाठी ते निवडलं तर त्यात गैर नाही. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून खपणाऱ्या मिश्रणांच्या बाजूने मात्र एवढंही नाही. पूरक गोळ्यांमधली जिची गरज पक्की आहे ती पिरिडॉक्सिन, म्हणजे बी-६. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ती सोबत दिली जाते. यकृताशी तिचा संबंध नाही, तरी ती चुकवू नये. प्रोटीन पावडरचं म्हणाल तर २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत वनस्पतींचे अर्कही मिसळलेले असतात. त्यातल्या ग्रीन टीच्या घट्ट अर्काने मोठ्या मात्रेत यकृताची एन्झाइमं वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलं आहे.

वनौषधींचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तिथे श्रद्धा आणि अभिमान दोन्ही गुंतलेले असतात. कोविडच्या काळात गुळवेल घरोघरी पोहोचली. २०२०च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण काविळीसह आढळले. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांनी असे ४३ रुग्ण नोंदवले आणि अनेकांमध्ये शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला: वापरलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलं नाही. आक्षेप शास्त्रीय होता आणि तो घ्यायलाच हवा होता. पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर त्यातून उलटच निष्कर्ष निघतो. झाडावरून वेल तोडून काढा करणाऱ्याला दोन जातींतला फरक कळत नसेल, तर तो धोका प्रत्येक घरी आहेच. हळदीचंही तसंच आहे. फोडणीतल्या चिमूटभर हळदीने कुणाचं यकृत बिघडत नाही. पण अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदणीत हळदीच्या कॅप्सूलमुळे इजा झालेले दहा रुग्ण सापडले. त्यांच्यातल्या काहींच्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेला होता आणि एकाचा मृत्यू झाला. अश्वगंधेमुळे इजा झालेले पाच रुग्ण आइसलंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये नोंदवले. मिरीतल्या पायपरिनची ताकद आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलेली आहे. जम्मूच्या संशोधन संस्थेत झालेल्या कामातून रिफॅम्पिसिनच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरिन अशी गोळी भारतात तयार झाली. दहा मिलिग्रॅम अर्काने क्षयाच्या मुख्य औषधाचा हिशोब एवढा बदलू शकतो, तर गोळ्यांसोबत कॅप्सूल चालू करताना ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ असं म्हणता येत नाही. जी वनस्पती काम करते ती औषध आहे, आणि औषध असेल तर तिची मात्रा आणि तिचे दुष्परिणामही आहेत. आयुर्वेदाचा कोणताही जाणता वैद्य हेच सांगेल.

यावर म्हटलं जातं की शंभरात नव्व्याण्णवांना काढ्याने काही होत नाही, टॉनिकने मनाला उभारी मिळते, आणि डॉक्टरसुद्धा चिठ्ठीवर ते लिहितातच. उभारीचं मोल मी कमी लेखत नाही. सहा महिने रोज मूठभर गोळ्या गिळायला ती लागतेच. पण त्या उभारीची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशांत दीड-दोन डझन अंडी येतात, आणि ज्या घरात कमावता माणूसच आजारी आहे तिथे दोन्ही परवडत नाहीत. दुसरं, यकृताची इजा दाखवणारी रक्तातली एसजीपीटी वाढली की डॉक्टरांना दोषी औषध शोधावं लागतं. काढा, कॅप्सूल, टॉनिक सगळंच चालू असेल आणि रुग्णाने ते सांगितलं नसेल, तर जीव वाचवणारी क्षयाची गोळी विनाकारण बंद पडू शकते. सर्वांत महाग पडते ती तिसरी गोष्ट. यकृताची सोय केली आहे अशा भरवशावर रुग्ण सुरुवातीची लक्षणं अंगावर काढतो.

ही लक्षणं ओळखणं कठीण नाही, फक्त कुणीतरी ती समजावून सांगायला हवीत. रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम, अश्रूसुद्धा केशरी होतात आणि ते निरुपद्रवी असतं. गोळी घेतल्यावर काही तासांनी रंग गडद होतो, नंतर उतरतो. काविळीतली लघवी दिवसभर काळपट, चहाच्या रंगाची राहते. खरी खूण डोळ्यांत असते. उजेडात उभं करून खालची पापणी ओढली आणि डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असेल, तर बहुधा रंग औषधाचा आहे. तो पिवळट असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अन्नाचा वासही नकोसा होणं, सारखी उलटी, उजव्या बरगडीखाली दुखणं, एकाएकी आलेला थकवा, हे डोळे पिवळे होण्याआधी दिसू शकतं, म्हणून पिवळेपणाची वाट पाहू नये. लक्षणं असताना एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिप्पट झाली, किंवा लक्षणं नसतानाही पाचपट झाली, तर डॉक्टर यकृताला जाच करणारी औषधं थांबवतात, गरज असल्यास मधल्या काळात दुसरी देतात आणि आकडे खाली आले की एकेक करून परत सुरू करतात. एम्सच्या त्या १७५ जणांपैकी जवळपास नव्वद टक्क्यांना नंतर काही त्रास झाला नाही. म्हणजे गोळ्या आपल्या मनाने सोडण्याची गरज नाही, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडून नाकात थेंब सोडून घेत बसायला तर वेळच नाही. दारूबाबत तडजोड नाही. पूर्ण सहा महिने बंद. तापासाठी पॅरासिटामॉल घेताना खंगलेल्या शरीरात कमी मात्राही भारी पडू शकते, म्हणून सर्दीच्या गोळीत आणि अंगदुखीच्या गोळीत तेच पुन्हा नाही ना, हे तपासावं.

हे सगळं रुग्णाच्या समजुतीवर सोडून भागणार नाही. निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. वाढ स्वागतार्ह आहे, पण दिवसाला तेहतीस रुपयांत वर मांडलेलं ताट पुरतं भरत नाही, आणि पैसे खात्यात उशिरा आले तर पहिले दोन महिने, म्हणजे नेमका मोलाचा काळ, हातचा जातो. तमिळनाडूने २०२२ पासून निदानाच्या वेळीच रुग्णाचं वजन, श्वास आणि उभं राहण्याची ताकद पाहून गंभीर रुग्णांना लगेच दाखल करण्याची पद्धत बसवली आहे. महाराष्ट्रात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर ती सहज बसवता येईल. उपचारांच्या पहिल्या दिवशी यकृताची आणि शक्य तिथे अल्ब्युमिनची तपासणी व्हावी. वय झालेले, दारू पिणारे, हिपॅटायटिस बी-सी किंवा एचआयव्ही असलेले आणि खंगलेले रुग्ण यांची ती ठरावीक दिवसांनी पुन्हा व्हावी. पहिल्या महिन्याचा शिधा पैशांच्या रूपात नव्हे, डाळ-तेल-अंड्यांच्या रूपात पहिल्या गोळ्यांसोबतच हातात पडावा. आशाताई गोळ्या मोजायला घरी येतातच. त्यांच्या वहीत आणखी तीन रकाने असावेत: या आठवड्यात वजन किती, डोळ्यांचा रंग कसा, आणि या गोळ्यांव्यतिरिक्त घरात आणखी काय चालू आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रुग्ण डॉक्टरांसमोर देत नाही, ओरडा बसेल म्हणून. आशाताईंना तो देईल, पण त्यांनी न रागावता विचारायला हवं. वजनाचा रकाना औषधासाठीही लागतो. ३५ ते ४९ किलोपर्यंत चार औषधांची एकत्रित गोळी दिवसाला तीन घ्यायची असते आणि ५० किलोंपासून चार. जेवण नीट मिळालेला रुग्ण ही रेघ ओलांडतो, आणि तेव्हा त्याची मात्रा वाढवणारं कुणीतरी तिथे असावं लागतं.